नवऱ्याला बाहेर बसवून

सुचेताचा मला हेवा वाटतो, हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. बोलणार तरी कशी? नवरा गेलेल्या बाईचा हेवा करते म्हटल्यावर लोक आधी माझं तोंड बघतील आणि मग ह्यांच्या तब्येतीची चौकशी करतील. ह्यांची तब्येत ठणठणीत आहे, देवाची कृपा. हे वाक्य मी हात जोडूनच म्हणते, कारण हेवा मनात आला की पाठोपाठ भीतीही येते. बाई, तू नक्की काय मागते आहेस, असं कोणीतरी वरून विचारेल असं वाटतं. मी तसलं काही मागत नाहीये. मला फक्त रात्रीच्या जेवणाला टोस्ट हवा आहे.

त्या टोस्टपासूनच सगळं सुरू झालं. सुचेताचे पुरुषोत्तमराव ह्यांच्याच हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. त्यांनी माणूस झोपवायचा आणि ह्यांनी हाडं जोडायची, अशी वर्षानुवर्षांची जोडी. एका सकाळी गाडीत बसता बसता ते गेले. नॉटिंगहॅममधली सगळी मराठी घरं हळहळली आणि सुचेताला डबे पोचवायच्या पाळ्या लागल्या. माझ्या वाट्याला शुक्रवार आला. आमटी, भात, सुकी भाजी, कोशिंबीर आणि वर लिंबाची फोड, असा मी साग्रसंगीत डबा न्यायचे. अशाच एका शुक्रवारी तिने नुसत्या मोज्यांवर येऊन दार उघडलं. हातात चीज लावलेला टोस्ट, अर्धा खाल्लेला. मागे रेडिओ मोठ्याने चालू. बाहेर कडाक्याची थंडी, तरी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी आणि हीटिंग फुल्ल.

"अगं, जेवले की मी!" असं म्हणून तिने तो टोस्ट मला वर करून दाखवला.

उभ्याने जेवली होती. संध्याकाळी सहाला. ना ताट, ना वाटी, ना कोणाची वाट बघणं. मी डबा परत घेऊन आले तर आमच्याकडे हे हीटिंग कमी करून, अंगात दोन स्वेटर चढवून टीव्हीसमोर बसले होते. "भात गरम आहे ना गं?" त्यांनी विचारलं. भात गरम होता. आमच्या घरी तो कायम गरमच असतो. त्या दिवशी मात्र वाढताना मला सुचेताच्या हातातला टोस्टच दिसत होता.

मग सुचेता गाडी शिकली. केस कापले. छोटी लाल गाडी घेतली आणि एकटीच स्कॉटलंडला जाऊन आली. त्यावर कळस म्हणजे युनिव्हर्सिटीत इतिहासाच्या एमएला नाव घातलं. विषय काय, तर वसाहतींच्या काळातल्या अमेरिकेत जमिनी बाळगणाऱ्या आणि व्यापार करणाऱ्या बायका. जन्म साताऱ्याचा, घर नॉटिंगहॅममध्ये आणि अभ्यास कोणाचा, तर तीनशे वर्षांपूर्वी बॉस्टनला दुकान चालवणाऱ्या गोऱ्या बायकांचा! मी तिला तोंडावर म्हटलंसुद्धा, "तुझा नि त्यांचा काय संबंध गं?"

ती म्हणाली, "पुरुषोत्तम गेल्यावर सॉलिसिटरने विचारलं, हाउस कोणाच्या नेमवर ट्रान्सफर करायचं? आणि माझ्या तोंडून पटकन भावाचं नाव आलं. आय वॉज सो अशेम्ड, अलका. घर माझं, मी समोर बसलेली, आणि मला स्वतःचं नाव सुचलंच नाही. तेव्हा वाटलं, हे कुठून येतं ते बघू तरी."

मी "हं" म्हटलं आणि विषय बदलला. कारण तिच्यासारखंच मीही एकदा केलं होतं, आणि ते अजून तसंच होतं.

आमची एक अलॉटमेंट आहे. म्हणजे कौन्सिल भाजीपाला लावायला भाड्याने देते तसला जमिनीचा तुकडा, भोवती हेज म्हणजे झुडपांचं कुंपण, कोपऱ्यात शेड. अनय, आमचा मुलगा, शाळेत असताना मी तो मागायला कौन्सिलच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीने टेनंटचं नाव विचारलं आणि मी ताबडतोब सांगितलं, "डॉक्टर गिरीश पाटणकर." घर ह्यांच्या नावावर, गॅसचं बिल ह्यांच्या नावावर, टीव्हीचं लायसन्स ह्यांच्या नावावर, मग जमिनीचं वेगळं काय सांगणार? हे तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होते. त्यांना अलॉटमेंट म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

तिथे होतं नुसतं काटेरी ब्रँबलचं रान. ते मी उपटलं. माती चाळून काचा वेचल्या, शेणखत घातलं. लसूण लावला, गूजबेरी लावल्या, उन्हाळ्यात मेथी, कोथिंबीर, आणि हेजच्या कडेला रूबार्ब. कैरीची आठवण येऊन जीव जायचा, तेव्हा मी त्या रूबार्बच्या आंबट देठांचा मेथांबा करून पाहिला आणि तो असा काही जमला की दिवाळीच्या स्टॉलवर माझ्या बरण्या फराळाच्या आधी संपायला लागल्या. मराठी मंडळाची अध्यक्ष मंजिरी त्यावर लेबल लावते, "डॉ. पाटणकरांच्या घरचा मेथांबा". हे अलॉटमेंटवर आले ते एकदाच, तिथल्या भाजीपाल्याच्या शोमध्ये माझ्या भोपळ्याला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा. सर्टिफिकेट टेनंटच्या नावाने निघालं. ते ह्यांच्या स्टडीत फ्रेम करून लावलंय आणि पाहुणे आले की हे म्हणतात, "कुदळ न धरता मिळवलंय बरं का!" सगळे हसतात. मीही हसते.

पण तिथे गेलं की मी माझी असते. शेडमध्ये माझी निळी बादली, माझे गमबूट, गुडघ्याखाली घ्यायची उशी. भात कोणी मागत नाही. कधीकधी तर मी तिथे, सांगायला हरकत नाही, गार सँडविच खाते. उभ्याने.

यंदा दोन हजार सातच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंजिरीने सुचेताचं भाषण ठेवलं. कमिटीत त्यावर बरीच कुजबुज झाली. हळदीकुंकू म्हटल्यावर सुचेताला बोलवायचं कसं, आणि नाही बोलवायचं तर दोन हजार सात साली तोंड दाखवायचं कसं? शेवटी तोडगा निघाला. समारंभाचं नाव तिळगूळ, आधी भाषण, मग चहा आणि हळदीकुंकू अगदी शेवटी, म्हणजे ज्यांना जायचं त्यांना आधी जाता येईल. ज्यांना म्हणजे कोणाला ते सगळ्यांना कळलं. कुंकवाचा करंडा माझ्याकडे दिला गेला.

चर्चच्या हॉलमध्ये आम्ही पन्नासेक बायका भरजरी साड्यांवर कार्डिगन घालून बसलो होतो. सुचेता मोरपंखी साडीत उभी राहिली आणि, मी खोटं बोलणार नाही, छान बोलली. तेच तर मला सहन होत नव्हतं.

"अमेरिका तेव्हा इंग्लंडची कॉलनी," ती म्हणाली, "म्हणजे कायदाही इथलाच. लग्न न झालेली बाई शेत विकत घेऊ शकायची, दुकान टाकू शकायची, कोर्टात जाऊ शकायची. लग्न झालं की लीगली ती गायब! तिची जमीन नवऱ्याच्या कंट्रोलमध्ये, तिने कमावलेलं त्याचं, अंगावरचे कपडेसुद्धा त्याचे. नवरा जहाजावर गेला की दुकान, गोदाम, नोकरचाकर सगळं हीच सांभाळणार, पण त्याच्या नावाने. आणि तो वारला की ही पुन्हा दिसायला लागते. दुकानाच्या पाटीवर, खानावळीच्या परवान्यावर, शेताच्या कागदावर. मला ज्या बायका सापडतात ना, त्यांतल्या कितीतरी विधवा आहेत."

न्यूयॉर्क आधी डचांचं होतं, तेव्हा तिथल्या लग्न झालेल्या बायकाही स्वतःच्या नावाने जहाजांत माल भरायच्या आणि इंग्रज आल्यावर ते हळूहळू बंद पडलं, असंही तिने सांगितलं. बायका "अगबाई" म्हणाल्या. मधुमतीकाकू आमच्यात सगळ्यांत मोठ्या, त्यांना मनात ठेवायची सवय नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे नवरा मेल्याशिवाय बाईला काही मिळतच नव्हतं म्हण की."

सगळ्या आपापल्या हातातला तिळगूळ निरखायला लागल्या.

"हो काकू," सुचेता म्हणाली. "आणि मिळालेलं कोणाला दाखवायचं, तर घरात कोणी नसायचं."

टाळ्यांचं वाक्य, मी मनात म्हटलं. आणि टाळ्या पडल्याच.

मग तिने एक गंमत सांगितली. विधवेला नवऱ्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा हयातीपुरता मिळायचा. त्यामुळे नवऱ्याला जिवंतपणी जमीन विकायची असली तर बायकोचा होकार लागायचा. तिच्यावर दडपण येऊ नये म्हणून बऱ्याच वसाहतींत अशी रीत होती, की न्यायाधीश बायकोला एकटीला बाजूला घ्यायचा, नवऱ्याला बाहेर बसवायचा आणि विचारायचा, बाई, हे तुझ्या मर्जीने चाललंय ना? कोणाची जबरदस्ती नाही ना?

"मग काय सांगायच्या त्या?" कोणीतरी विचारलं.

"हो म्हणायच्या. मी वाचलेल्यांत ऑलमोस्ट एव्हरी वन. राजीखुशीने होकार दिला, असंच लिहिलेलं असतं. त्यांच्या मनात काय होतं, ते मात्र कुठेच सापडत नाही."

मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "मूर्ख बायका! नवरा बाहेर, दार बंद, जज स्वतः विचारतोय. नाही म्हणायला काय धाड भरली होती?"

हॉल हसला. सुचेताही हसली आणि म्हणाली, "अलका असती तर तिने जमीन नक्की वाचवली असती!" टाळ्या माझ्यासाठी होत्या. मला मान्य करायला हवं, फार बरं वाटलं.

चहानंतर मी करंडा घेऊन निघाले. वाटलं होतं, सुचेता एव्हाना कोट घालून गेली असेल. ती रांगेत उभी होती. माझ्यासमोर आली आणि कपाळ पुढे केलं. मला काय वाटलं सांगू? गाडी तिची, घर तिचं, टोस्ट तिचा, टाळ्या तिच्या. हे एवढं चिमूटभर लाल तरी माझं होतं आणि आता ते घ्यायलाही ही आली. मी कुंकू लावलं. इतरांना चांगलं टपोरं लावत होते, तिला तिळाएवढं लावलं. तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. "थँक्स गं," म्हणून तिने माझा हात दाबला.

पुढचा रविवार सोडून नंतरच्या रविवारी जेवताना हे म्हणाले, "तुला एक सरप्राइज आहे."

मला वाटलं, इटलीची ट्रिप.

"अलॉटमेंट सोडून दिली," हे म्हणाले. "कौन्सिलला फोन करून नोटिस देऊन टाकली. मार्चपासून सुटका! अगं, तुझे गुडघे मी रोज बघतो. जिना उतरताना कठडा धरतेस. पेशंटला मी हेच सांगतो आणि घरात बायको चिखलात गुडघे टेकून बसते. आता वीकेंडला निवांत अनयकडे ब्रॅकनेलला जात जाऊ."

इतक्या प्रेमाने सांगत होता तो माणूस, की ओरडायलाही जागा नव्हती. मला विचारायचं त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या नावावरची वस्तू त्यांनी माझ्या भल्यासाठी सोडली होती. "लसूण लावलाय हो मी," एवढंच माझ्या तोंडून आलं.

"टेस्कोत मिळतो की लसूण," हे म्हणाले आणि भात पुढे मागितला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या साइटच्या सेक्रेटरीला, केनला, फोन केला. केन म्हातारा आणि भला माणूस. तो म्हणाला, वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या माणसाला प्लॉट देऊ केलाय, अजून सही झालेली नाही. पण नोटिस मागे घ्यायची तर टेनंटनेच घ्यायला हवी. "सॉरी लव्ह, कागदावर तुझं नाव कुठेच नाहीये."

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "अहो, तो फोन मागे घ्याल का?" हे हसले. "आता दुसऱ्या कोणाला आशा लावलीय, बरं दिसतं का ते? आणि तुझे गुडघे कोण बघणार?" विषय संपला. मी आठवडाभर कोणाशी धड बोलले नाही. हे मंजिरीला फोनवर म्हणाले, "मेनोपॉज, दुसरं काय."

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात सुचेता. पायांत चिखलाचे बूट.

"वहिनी! या, या," हे उठून म्हणाले. पुरुषोत्तमरावांमुळे ती त्यांची वहिनी. "हे काय, शेतावर गेला होतात की काय?"

"हो ना, गिरीशराव," ती म्हणाली. "कधीपासून अलॉटमेंटच्या वेटिंग लिस्टवर होते. फायनली ऑफर आली. आज प्लॉट बघून आले." आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "शेडमध्ये निळी बादली आहे."

म्हणजे ती पुढची व्यक्ती हीच. मला खरं सांगायचं तर हसू आलं, घशातल्या घशात, कडू. अजून काय काय घेणार होती ही माझं? हे मात्र खूश झाले. "अरे वा! म्हणजे घरच्या घरातच राहिली की. अलका तुम्हाला सगळं शिकवेल."

"मला अलकाशी जरा एकटीशी बोलायचंय," सुचेता म्हणाली. "तुम्ही बसा हं इथेच."

तिने मला कोपराला धरून कन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, नेलं आणि काचेचं दार लावून घेतलं. ह्यांना बाहेर बसवून. ते माझ्या लक्षात आलं आणि तिच्याही, कारण ती क्षणभर हसली. मग गंभीर झाली.

"ऐक. मी अजून सही केलेली नाही. मी ऑफर सोडायला तयार आहे, असं केनला सांगितलंय. तो म्हणतो, इतकी वर्षं ही बाई राबताना आम्ही बघतोय, तिने मला नुसतं सांगावं, मी कौन्सिलकडून प्लॉट तिच्या नावावर करून घेतो. गिरीशरावांनी काही करायला नको. मी लिस्टवर थांबेन, आय डोन्ट माइंड. मला फक्त खरं सांग. त्यांनी तुला विचारलं होतं का? हे तुझ्या मर्जीने चाललंय का?"

माझ्या नावावर. रूबार्ब, लसूण, शेड, बादली, सगळं. एक शब्द बोलायचा होता. जिभेवर आलासुद्धा.

तेवढ्यात काचेपलीकडून ह्यांनी टकटक केलं. मी उभी होते ते त्यांना खटकलं होतं. वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवून, स्वतःच्या गुडघ्यावर थापटून ते खुणेने सांगत होते, बस, बस, उभी राहू नकोस. मी बसले, तेव्हा कुठे ते परत आपल्या पेपरकडे वळले.

सुचेताने ते पाहिलं. तिचा चेहरा बघून मी चमकले. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. शुक्रवारचा डबा परत आणताना गाडीच्या आरशात मी तोच बघितला होता.

"किती बघतात गं ते तुझ्याकडे," ती म्हणाली. "मी डिसेंबरमध्ये जिन्यावरून पडले. लंगडत होते, ख्रिसमसपर्यंत. कोणाच्या लक्षातही आलं नाही." मग तिने नाक ओढलं आणि हसण्यावारी नेलं. "खोटं कशाला बोलू, अलका, मला तुझा फार हेवा वाटतो. पहिल्यापासून. डबा घेऊन यायचीस ना, तेव्हा वाटायचं, आता ही घरी जाईल आणि कोणालातरी गरम भात वाढेल. मला एकटीसाठी कुकर लावायचा जिवावर येतं. म्हणून टोस्ट खाते. शिसारी आलीय मला त्या टोस्टची."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझ्या त्या टोस्टपायी मी झोपले नाहीये, असं म्हटलं असतं तर दोघी पोट धरून हसलो असतो, रडलोही असतो. पण मला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं, की तुझा हेवा वाटतो. आणि सांगावं कोणी, तर सुचेताने. ते मी साखरेसारखं जिभेवर धरून ठेवलं. आता नाही म्हटलं, मला कोणी विचारलं नाही म्हटलं, की तिचा चेहरा बदलणार. तिथे कीव येणार. डब्यात भरून मी तिच्याकडे न्यायचे ना, तीच कीव, लिंबाच्या फोडीसकट परत येणार. प्लॉट मिळाला असता, पण तो हेवा गेला असता.

"विचारलं म्हणजे काय?" मी म्हणाले. "मीच सांगितलं ह्यांना. गुडघे फार दुखतात गं. ते तर नको नको म्हणत होते."

"नक्की? त्यांच्यासाठी म्हणत नाहीस ना?"

"नक्की. तू घे."

सुचेताने सुस्कारा सोडला. "बरं झालं विचारलं. मला उगाच खात होतं." तिने मला मिठी मारली. तिच्या कोटाला माझ्या मातीचा वास येत होता. मी उठून ड्रॉवरमधून गेटची किल्ली काढून तिला दिली, कारण आता उशीर करण्यात अर्थ नव्हता.

"रूबार्ब पहिल्या वर्षी काढायचा नसतो ना?" तिने विचारलं. "कुठेतरी वाचलं मी."

"पहिलं वर्ष तुझं," मी म्हटलं. "त्याचं नाही. त्याचं मूळ जुनं आहे. एप्रिलमध्ये काढ, ओढून काढायचा, सुरी लावायची नाही."

हे दारापर्यंत पोचवायला आले. गाडीत बसताना सुचेता काच खाली करून मला म्हणाली, "डिसर्टेशनमध्ये तुझं नाव घालायला हवं बघ. दार बंद करून विचारल्यावर मनातलं खरं बोलणारी एक तरी बाई मला भेटली!"

लाल गाडी कोपऱ्यावरून वळली. हे म्हणाले, "काय एवढं गुप्त विचारत होत्या वहिनी?"

"काही नाही," मी म्हटलं. "रूबार्ब कधी काढायचा, ते."

"बघ, किती हलकं वाटतंय ना आता?" असं म्हणून ह्यांनी दारातल्या पायऱ्या चढताना माझा हात धरला. घरात गारठा होता. हीटिंगला हात न लावता मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला.